मीठ गोड कसं लागलं?

"गप्पू, तोंडात काय आहे?"

"जीभ!" असं म्हणून गप्पूने तोंडातलं पटकन गिळून टाकलं.

टिल्लीने कपाळाला हात लावला. सुट्टीत मावशीच्या शिशुवर्गात मदतीला यायचं ठरलं, तेव्हाच तिला ठाऊक होतं. गप्पू मावशीचाच मुलगा असला, तरी खाण्याच्या कामाला त्याला लावणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं!

आज शिशुवर्गाची 'चवींची पार्टी' होती. बारा चिमुरडी चाखून चाखून गोड, आंबट, खारट शिकणार होती. मग केळ्याच्या पाच-पाच चकत्या मोजून, बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवून खाणार होती. आईबाबा मंडळीही बघायला आली होती.

टिल्लीची धाकटी बहीण चिमणी त्याच वर्गात होती. चिमणीला शेंगदाणा मुळीच चालत नसे. नुसता कण जिभेला लागला तरी ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. गेल्या वर्षी तिला उचलून दवाखान्यात पळावं लागलं होतं. त्या दिवशीची आईची धावपळ टिल्ली अजून विसरली नव्हती. तेव्हापासून मावशी पार्टीच्या आसपास शेंगदाण्याला फिरकू देत नसे.

"पण काय गं," गप्पू ओठ चाटत म्हणाला, "तुमचं मीठ गोड कसं?"

"मीठ गोड? डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग चाखून बघ की!"

टिल्लीने मिठाच्या वाटीत बोट बुडवलं. पिठीसाखर! आणि जिच्यातून वाटी भरली, त्या बरणीच्या झाकणावर तर मिठाचं चित्र होतं. चिमुरड्यांना वाचता येत नाही, म्हणून मावशीने प्रत्येक झाकणावर आतल्या जिनसाचं चित्र चिकटवलं होतं.

दोघं धावतच स्वयंपाकघरात गेली. शिपाईकाका फडकं पिळत होते.

"काका, बरण्यांना कुणी हात लावला होता?"

"नुसता हात? काल लख्ख घासल्या! एकेक रिकामी केली, धुतली, वाळवली, परत भरली. झाकणं वेगळी उकळली."

"मग कुठलं झाकण कुठल्या बरणीचं, हे कसं ओळखलंत?"

"त्यात ओळखायचं काय? सगळी एकाच मापाची. बसलं झाकण की झालं काम!"

गप्पू फिसकन हसला. टिल्लीला मात्र हसू येईना. त्याच कपाटात मोठ्या मुलांच्या पाककृतीच्या तासासाठी शेंगदाण्यांचा चुरा ठेवलेला असे. त्याच्या झाकणावर भली मोठी लाल फुली होती. टिल्लीने ती फुलीवाली बरणी उघडून वास घेतला.

"गप्पू! ही तर बिस्किटं!"

"मग बिस्किटं म्हणून थाळ्यांत काय गेलं?"

टिल्लीने बिस्किटांचं चित्र असलेली बरणी हुंगली, तर तिला शेंगदाण्यांचा वास! तेवढ्यात घंटा वाजली!

"काका, थाळ्यांत शेंगदाणे आहेत! आम्हाला आत जाऊ द्या!"

"पुरे!" काका लगबगीने पुढे होऊन वर्गाच्या दाराशी खांबासारखे उभे राहिले. "पार्टी सुरू झाली की मोठ्या मुलांनी आत लुडबुड करायची नाही, असं मोठ्या बाईंनी बजावलंय. जे काय असेल ते नंतर."

दोघं वळसा घालून खिडकीशी पोहोचली. आत टाळ्यांचा नुसता गजर चालला होता.

"मावशी! मावशी!" टिल्ली ओरडली. मावशीला वाटलं, पोरं मजेत आहेत. तिने हसून हात हलवला!

चिमणी खिडकीजवळच बसली होती. "चार... पाच!" तिने मोजलं आणि तपकिरी चुऱ्यात घोळवलेली चकती उचलली. टिल्लीने तोंडावर आलेली हाक आवरली. आता हाक मारली, तर ही पोरगी तोंडात घास घालूनच मागे बघणार!

गप्पूने तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि मावशीच्या सुरात आरोळी ठोकली, "हात कुणाकुणाचे धुवायचे राहिले?"

झालं! हा प्रश्न कानावर पडला की खाऊ खाली ठेवून नळावर पळायचं, हा शिशुवर्गाचा पहिला नियम. आईबाबांचं एक वेळ ऐकणार नाहीत, पण हा नियम मोडायची कुणाची छाती? पटापट बारा चकत्या थाळ्यांत पडल्या आणि बारा चिमुरडी नळाकडे पळाली. सर्वांत पुढे चिमणी!

"हा काय चावटपणा?" मावशी तावातावाने खिडकीशी आली.

"मावशी, आधी त्या चुऱ्याचा वास घे!"

मावशीने थाळी नाकाशी नेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी सगळ्या थाळ्या उचलल्या गेल्या, टेबलं पुसली गेली आणि चिमणीचे हात साबणाने तीन तीनदा धुतले गेले.

"चिमणे, तोंडात काही घातलंस?"

"नाही. हात धुवायचे होते ना!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मोठ्या बाईंनी दोघांना आत बोलावलं. "दाराबाहेर ठेवायचं होतं ते शेंगदाण्यांना, आणि ठेवलं मी तुम्हाला! शाब्बास रे पोरांनो!"

शिपाईकाकांनी कान पकडले. "लख्ख करण्याच्या नादात घोटाळा करून बसलो. आता चित्रं बरणीच्या पोटावरच चिकटवतो." आणि खरंच, डिंकाची बाटली घेऊन ते लगेच कामाला लागले.

गप्पूने सगळ्यांसमोर नवा पुडा फोडून बिस्किटं कुटली. कुटता कुटता किती खाल्ली, ते मात्र कुणी विचारलं नाही.

पार्टी पुन्हा सुरू झाली. चिमणीने पहिली चकती खाल्ली, दुसरी खाल्ली. टिल्ली तिच्या ओठांवरून नजर हलवेना. पाचवीही पोटात गेली. ओठ होते तसेच होते, फक्त चुऱ्याने माखलेले. मग कुठे टिल्ली मटकन खाली बसली. आई तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिने टिल्लीचं डोकं छातीशी धरलं. तेव्हा मात्र टिल्लीला रडूच फुटलं.

चिमणी पळत आली. "ताई, रडतेस कशाला? माझ्या पाच झाल्या, पण मावशी आणखी देणार आहे. त्यातली एक तुला!"