भुंग्याचा ठसका

ठसका लागला की कोणीतरी आपली आठवण काढतंय, असं आपल्याकडे म्हणतात. चिन्मयीने ते कुत्र्यालाही लागू केलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तिची आजी पशुवैद्य होती. गावातलं प्रत्येक आजारी कुत्रं पूर्वी आजीच्या पडवीत यायचं, आणि औषधाच्या वासाने भरलेली ती पडवी चिन्मयीला फार आवडायची. आजी चंद्रावरच्या संशोधन केंद्रात गेली आणि घर सुनं सुनं झालं. आजीचा लाडका कुत्रा भुंगा तोंड पाडून दारात बसायचा. पावसाळा सरता सरता तो मान ताणून खोकू लागला.

"आजी आठवण काढतेय रे तुझी," म्हणत चिन्मयी त्याला थोपटायची. खरं तर त्या ठसक्याने तिलाच बरं वाटायचं.

एका संध्याकाळी आजी पडद्यावर दिसताच तिने हे कौतुकाने सांगितलं. आजी हसली, पण भुंग्याला लागलेली धाप पाहून तिचा चेहरा उतरला.

"आठवण तर मी उठताबसता काढते गं, पण त्याने धाप नाही लागायची. हा गोगलगायी खातो का?"

"बागेत काहीतरी चघळत असतो खरा."

"मग उद्या त्याची शी तपासा."

"ईऽऽ! खोकला छातीत आणि तपासायची शी?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी हातमोजे घालून ती तलम फडक्यात बांधली आणि कोमट पाण्यात लोंबती ठेवली. संध्याकाळी तळाचा थेंब आजीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात केसाहून बारीक अळ्या वळवळत होत्या!

"हे परोपजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच जिवावर जगणारे जीव)," पडद्यावरून ते पाहून आजी म्हणाली. "फुप्फुसातले जंत. यांच्या अळ्या गोगलगायीच्या अंगात वाढतात. कुत्र्याने ती खाल्ली की अळ्या आतड्यातून निघून फुप्फुसात पोचतात. तिथे श्वासनलिकांत (हवा नेणाऱ्या नळ्यांत) मोठ्या होऊन नव्या अळ्यांना जन्म देतात. श्वासाची वाट अडते, कुत्रा खोकतो, अळ्या घशाशी येतात. पुढे काय होत असेल?"

तेवढ्यात भुंगा खोकला आणि त्याने आवंढा गिळला.

"गिळतो!" चिन्मयी ओरडली. "म्हणून त्या शीतून बाहेर पडतात. आणि त्या शीवरून गोगलगाय फिरते!"

"शाब्बास! म्हणून शी रोज उचलायची."

चिन्मयीचा आवाज एकदम बारीक झाला. "आजी, तू येईपर्यंत भुंगा असेल ना गं?"

चंद्रावरून उत्तर यायला नेहमीच क्षणभर लागायचं. आज तो क्षण तिला फार मोठा वाटला.

"असेल गं राणी. यावर औषध आहे. उद्याच डॉक्टरांकडे न्या."

डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केलं. बाबा रोज सकाळी बाग साफ करू लागले. भुंग्याची धाप हळूहळू कमी झाली, आणि काही आठवड्यांनी पडद्यावरून आजीची हाक येताच तो न थांबता, न खोकता, दणकून भुंकला.

आजीने डोळे पुसले. "इथे सगळं आहे गं, पण एवढंच ऐकायला मिळत नाही. पुढच्या दिवाळीला येतेच मी. भुंग्या, अजून एकदा!"

भुंगा मग थांबेचना.