डिकीवरचा हात

रविवारी सकाळी गिऱ्हाइकांचे शिवलेले ब्लाऊज पिशवीत घालून मोनिका दाराबाहेर पडली, आणि समोरून पाण्याचा फवारा आला तो थेट तिच्या अंगावर. पिशवी तिने झटकन डोक्यावर धरली म्हणून ब्लाऊज तेवढे वाचले. ती मात्र कमरेपासून खाली चिंब!

समोरच्या घरात नवा भाडेकरू आला होता आणि आपली पांढरी गाडी पाईपने धुवायचा सोहळा त्याने भर गल्लीत मांडला होता.

"अवो, डोळे काय डिकीत ठेवलेत का?" मोनिका कडाडली.

गाडीपलीकडून एक डोकं वर आलं. कानाला फेस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. माणसाने अशा वेळी निदान माफी तरी मागावी. हा नुसता बघत राहिला, आणि हातातला पाईप तसाच वाहत राहिला.

"आन् कळंबात पाणी असं उधळत न्हाईत. बादली घ्या, बादली!"

"व्हय... घेतो की," तो म्हणाला आणि हसला. ओरडा खाऊन इतकं खुशीत हसणारा माणूस मोनिकाने आजवर पाहिला नव्हता. डोक्यात जरा कमी दिसतोय, असं मनाशी म्हणत ती कपडे बदलायला आत गेली. आरशासमोर मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत गजराबाईंनी, म्हणजे मोनिकाच्या आईने, सगळी माहिती काढली. नाव श्रीनाथ. गाव मुरुम. कृषी खात्यात नोकरी, बदली होऊन आलाय. लग्न व्हायचंय. हे शेवटचं त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं.

पुढच्या रविवारी गाडीपाशी खरंच दोन बादल्या होत्या, एक फेसाची, एक साध्या पाण्याची. आणि श्रीनाथ मोनिकाच्या शिलाई मशीनसमोर उभा होता.

"मऊ फडकं मिळंल का? सुती पाहिजे. बटण नको, जरीकाठ नको... चरे पडत्यात."

"गाडीला पुसायचंय का बाळाला?"

"बाळच हाय ते."

तिने चिंध्यांच्या गाठोड्यातून जुन्या मलमलचा तुकडा काढून दिला. देताना अनामिकेचं नख त्यात अडकलं. मागे एसटीच्या खिडकीची झडप त्या बोटावर आदळली होती, तेव्हापासून ते नख वाकडंच उगवत होतं. तिने घाईने हात मागे घेतला. त्याचं लक्ष मात्र त्या बोटावरच होतं.

मग काय... दर रविवारी चहाचा कप घेऊन मोनिका ओट्यावर. हळूहळू ओट्यावरून गल्लीत आणि गल्लीतून गाडीपाशी. गाडी सावलीत घ्यायची, उन्हात तापलेल्या पत्र्याला वॅक्स लावायचं नाही, हे ती शिकली. बोटभर वॅक्स घेऊन गोल गोल फिरवायचं, पांढुरकी साय धरली की दुसऱ्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचं. खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. एकदा दोघांचे हात बॉनेटवर गोल फिरता फिरता एकमेकांना लागले. दोघंही "सॉरी" म्हणाले आणि दोघांनीही हात लगेच काढले नाहीत.

मोनिकाला तो आवडला होता, झालं. लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईलासुद्धा कळलं होतं, कारण रविवारी चहात साखर जास्त पडायला लागली होती.

आणि एके दिवशी ती वॅक्सचा डबा घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला गेली.

डिकीवर कुंकवाचा हात उमटलेला होता. लालभडक पंजा, पण चारच बोटांचा. अनामिकेची जागा रिकामी! आणि त्यावर पारदर्शक कागद चिकटवलेला, कडा नीट दाबून बसवलेल्या.

"हे काय वो?"

"ते राहू द्या," श्रीनाथ पटकन म्हणाला. "तिथं पाणी न्हाय, वॅक्स न्हाय, काहीच लावायचं न्हाय."

"पूजेचं हाय का?"

"म्हटलं तर पूजेचंच." आणि तेच हसू, खुशीतलं!

"कुणाचा हात हाय?"

"हाय एका बाईमाणसाचा. लई गुणाची... जरा तिखट हाय."

मोनिकाच्या हातातला डबा तिथेच राहिला. "चहा गार झाला," असं काहीतरी पुटपुटून ती घरात आली. दिवसभर तिने मशीन असं हाणलं की गजराबाई दोनदा बघून गेल्या. संध्याकाळी कळलं की एका शिक्षिकाबाईंच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली गेलीय.

"मन कुठं हाय तुजं?" गजराबाई म्हणाल्या.

"डिकीत!"

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिने त्या परक्या हाताची पार चिरफाड केली. केवढा तो पंजा! बैलाच्या पाठीवर पोळ्याला थापा मारावा तसा. बोटं बघा, जाडजूड, कामाला जुंपलेली. आणि अनामिका मुद्दाम वर उचललेली. काय तो नखरा! अंगठी दाखवायची असंल. म्हणजे साखरपुडा झालेला दिसतोय... इथवर येऊन तिचं तिलाच रडू आलं. मग त्या अंगठीवाल्या बाईला तिने आणखी चार शिव्या दिल्या.

पुढचे काही रविवार ओटा रिकामा राहिला. श्रीनाथ दाराशी आला तर गजराबाईंच्या हाती फडकं जायचं, तेही खरखरीत टेरिकॉटचं. पडद्याच्या फटीतून मात्र मोनिका सगळं बघायची. तो गाडी पुसायचा, या दाराकडे बघायचा, पुन्हा पुसायचा. डिकीपाशी आला की त्याचा हात हळू व्हायचा. तेवढं बघून तिचं रक्त उसळायचं.

खंडेनवमी उजाडली. गजराबाईंनी शिलाई मशीनची पूजा केली, कात्रीला कुंकू लावलं आणि ताट मोनिकाच्या हाती दिलं. "जा, त्या पोराच्या गाडीला हळदीकुंकू लावून ये. एकटाच हाय बिचारा. आई मुरुमला."

"त्याची हाय की लावणारी."

"कोण?"

मोनिका ताट घेऊन निघाली.

गाडी लखलखत होती. "बरं झालं आलात! थांबा... नवीन कागद आणतो," म्हणत श्रीनाथ आत पळाला. डिकीवरचा जुना कागद त्याने काढला होता. लाल हात उघडा पडला होता. आणि शेजारीच चरे घासून काढायच्या रबिंग पॉलिशची डबी होती.

तिने ताट ओट्यावर ठेवलं. खांद्यावरच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, पॉलिशमध्ये बुडवलं आणि घासायला लागली. आधी करंगळी गेली. मग मधलं बोट. मग अंगठा... घासता घासता दंड भरून आला, पण ती थांबली नाही. डिकी पांढरीशुभ्र झाली. ओढणीचं टोक लाल.

आता बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"पुसलं?" मागून आवाज आला. श्रीनाथच्या हातात कागदाची गुंडाळी होती आणि तोंडावरचं हसू पार मावळलं होतं.

"पुसलं!" तिचा आवाज चिरकला. "लग्नाच्या आदी गावभर हात मिरवायचा कशाला? एवढं वाटत असंल तर बोलवा तिला. उमटवंल परत!"

त्याने एकदा कोऱ्या डिकीकडे पाहिलं. मग तिच्या लाल ओढणीकडे बघत म्हणाला, "आलीय की ती."

मोनिकाने गल्लीत वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

"कुठाय?"

"रबिंग पॉलिश हातात धरून उभी हाय. मोनिका, गाडी नवी घेतली तेव्हा तुळजापूरला पूजेला नेली होती. गर्दीत गाडी मागं घेत होतो, मागं न बघता. कुणीतरी डिकीवर अशी सणसणीत थापड मारली... आन् ओरडलं, ‘अवो, डोळे काय डिकीत ठेवलेत का?’"

तिचा हात तोंडावर गेला. तुळजापुरात देवीची ओटी भरून झाली होती. कुंकवाची पुडी घामेजल्या मुठीत फुटली होती. हार घातलेली एक पांढरी गाडी अंगावर आली होती, आणि कळंबची एसटी सुटत होती म्हणून ती पळाली होती. काचेआड कोण होतं, ते पाहिलंच नव्हतं.

आणि बोट... त्याच आठवड्यात झडप आदळलेली. अनामिकेला केवढं बँडेज होतं! मारताना ते बोट तिने वर धरलं होतं.

"आरशात तुमची पाठच दिसली," तो म्हणाला. "पण आवाज न्हाय विसरलो. इथं पहिल्याच दिवशी तेच वाक्य ऐकलं आन् पाईप बंद करायचं सुदरलं न्हाय."

"मंग सांगितलं का न्हाय?"

"ओळखाल वाटलं. मंग तुमी जळायला लागलात... म्हटलं, चार दिवस जळू द्यावं. चुकलंच माजं. टेरिकॉटचं फडकं यायला लागलं तवा भ्यालो."

"मी जळत नव्हते!"

"बाही उलटी लागली म्हणं..."

"आईला काही पोटात ठेवता येत न्हाय!" ती हसली आणि हसतानाच डोळे भरून आले. स्वतःच्याच हाताला किती शिव्या दिल्या होत्या तिने! "लई जाडजूड हाय वो माजा हात..."

"मला तसाच पायजे," श्रीनाथ म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "दसरा झाला की मुरुमवरनं आई येणार हाय. तुमच्या आईकडं... हात मागायला."

ओट्यावरच्या ताटात तिने तळहात कुंकवात नीट दाबला, डिकीपाशी गेली आणि पाचही बोटं टेकवली. वाकड्या नखाचं बोटसुद्धा.

श्रीनाथ लगबगीने कागदाची गुंडाळी उलगडायला लागला.

"ऱ्हाऊ द्या तो कागद," मोनिका म्हणाली.

"पुसंल की!"

"पुसू द्या. मी हाय न्हवं आता... परत उमटवीन."