आवाज बंद करून पाहिलेल्या शर्यती

"आणि आता... आता पहिला गियर पडतोय... पडला! गाडी हलली मंडळी, गाडी हलली—"

गाडी हातभर पुढे गेली आणि आचका देऊन बंद पडली.

बोलणारा गृहस्थ माझ्या शेजारी, माझ्याच गाडीचं स्टिअरिंग कवटाळून बसला होता. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण मी, शिक्षिका मी आणि गाडी पुसणारीही मीच, त्यामुळे घाबरलेले शिकाऊ मला नवे नाहीत. कुणी देवाचा धावा करतं, कुणी आईचा. पण स्वतःच्या ड्रायव्हिंगची कॉमेंट्री करणारा प्राणी मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि तो आवाज... शिकवणाऱ्याच्या बाजूला आमच्या गाडीत वेगळा ब्रेक असतो, त्यावरचा पाय न काढता मी त्याच्याकडे वळले.

"पुन्हा बोला बरं."

"काय?"

"ते 'मंडळी'."

त्याचे कान लाल झाले. "सॉरी मॅडम. सवय आहे. आता तोंड बंद ठेवतो."

"अहो, बंद नका ठेवू! तुम्ही... तुम्ही टीव्हीवरच्या रविवारच्या मोटार-शर्यतींचे ना?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "होतो," म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. हा आवाज आमच्या घरात मी शाळेत होते तेव्हापासून येत होता. ड्रायव्हिंग स्कूल तेव्हा बाबा चालवायचे. शर्यत असली की त्या दिवशी ते कुणाला गाडी शिकवायचे नाहीत. टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि हा आवाज सुरू व्हायचा... आधी हळू, मग वळण जवळ येईल तसा चढत जाणारा. घरात टीव्ही असला की झालं, शर्यत सगळ्यांची होती. मग प्रक्षेपणाचे हक्क एका पैसेवाल्या चॅनेलने घेतले. चित्र तिकडे गेलं, हा आवाज मात्र कुणी विकत घेतला नाही.

"आणि तुम्हाला गाडी येत नाही?" मला हसू आवरेना. "जगातल्या सगळ्यात वेगवान माणसांना तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात की ब्रेक उशिरा मारला, आणि तुम्हाला क्लच कुठला ते ठाऊक नाही?"

"मधला ना?"

"मधला ब्रेक."

"बघा," तो गंभीरपणे म्हणाला, "तरी एकाही श्रोत्याने तक्रार केली नाही."

असा आमचा पहिला धडा. गाडी चौदा वेळा बंद पडली असेल, आणि मी दर वेळी आधीपेक्षा जास्त हसले.

*

पुढचे धडे तसे नेहमीसारखेच होते. फरक एवढाच की हा शिकाऊ आला की रिकामा रस्तासुद्धा काहीतरी विशेष वाटायला लागायचा. "समोर दूधवाल्याची सायकल... आपल्या गाडीला आतल्या बाजूने जागा दिसतेय... घेणार का? नाही घेतली! समंजस निर्णय." मी दटावायचे, "अहो, आरशात बघा." तो आरशात बघायचा, पण त्यात रस्त्याऐवजी मी दिसते हे त्याच्या उशिरा लक्षात यायचं. मग दोघंही घाईघाईने समोर बघायला लागायचो.

एकदा सिग्नलला थांबलो असताना मी त्याला बाबांबद्दल सांगितलं. बाबांच्या डोळ्यांच्या मधोमध आता काळा डाग आहे. कडेकडेचं तेवढं दिसतं. समोर माणूस बसला तर त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. शर्यती मोफत होत्या तोवर त्यांचं काही अडत नव्हतं, कारण त्यांना हा आवाज सगळं दाखवायचा. मी हौसेने पैसे भरून नवं चॅनेल घेतलं. चित्र असं लख्ख की टायरवरची अक्षरं वाचावीत. पण बोलणारे परक्या भाषेत, तेही विमान पकडायचं असल्यासारखे. बाबा पहिली शर्यत संपेपर्यंत बसले, मला वाईट वाटू नये म्हणून. दुसऱ्या शर्यतीच्या वेळी म्हणाले, "बाळ, मी जरा पडतो." तेव्हापासून ते रविवारी पडूनच असतात.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. तो हलेना.

"रविवारी शर्यत किती वाजता लागते तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

*

तो रविवारी आला. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. बाबांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा."

मग खुर्ची बाबांच्या डाव्या अंगाला घेतली, घसा साफ केला, आणि—

काय सांगू! पंख्याचा आवाज तेवढा येत होता आमच्या हॉलमध्ये. पडद्यावर वीस गाड्या मुक्या उभ्या. आणि हा माणूस हळूच म्हणाला, "पहिला लाल दिवा, काका... दुसरा... तुमच्या तळहाताला घाम सुटला असेल, त्यांच्याही सुटलाय..." बाबांनी खरोखरच तळहात लेंग्याला पुसले. दिवे विझले, आणि त्याचा आवाज उसळला. मी डोळे मिटून पाहिलं. मला गाड्या दिसल्या! पडद्यावर दिसत होत्या त्याहून स्पष्ट. मी उघड्या डोळ्यांनी इतक्या शर्यती पाहिल्या, पण आपल्या खोलीत बसलेला एक माणूस नुसत्या श्वासाने एवढं मोठं काही उभं करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता.

आता त्या दिवशी झालेली चूक. स्टुडिओत समालोचकाच्या टेबलावर एक बटण असतं, खोकल्याचं. खोकला आला की ते दाबायचं, दाबलेलं असेपर्यंत माइक बंद. हे लोक ते फक्त खोकण्यासाठी वापरत नाहीत. शेजाऱ्याला चिमटे काढायचे, चहा मागवायचा, साहेबाला नावं ठेवायची, सगळं त्या बटणावर अंगठा ठेवून. इतक्या वर्षांत तो अंगठा आणि ती जीभ यांची जोडीच जमलेली. टायर बदलायला गाड्या आत आल्या, मी चहा घेऊन आले, त्याचा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला गेला आणि तो अगदी निर्धास्तपणे, खासगीत म्हणाला,

"ही अशी हसत समोर येते ना, की मला कोण कितवा आहे तेच आठवत नाही. बापासमोर बसून प्रेमात पडणं म्हणजे—"

मग त्याने अंगठा उचलला आणि पुन्हा खणखणीत आवाजात, "तर मंडळी, बाहेर पडताना दोघंही शेजारी शेजारी!"

मी कपबशी तशीच टीपॉयवर ठेवली. बाबा शांतपणे टीव्हीच्या दिशेला तोंड करून बसले होते.

"कॉमेंट्रीवाले," ते म्हणाले.

"हं, काका?"

"आमच्या खुर्चीला ते बटण नाही हो."

त्याचा चेहरा! पंख्याखाली बसून माणूस असा घामाघूम झालेला मी पाहिला नव्हता. तो उठायला लागला. बाबांनी अंदाजाने हात पुढे करून त्याचं मनगट पकडलं. "बसा. शर्यत अर्धी सोडून उठायचं नसतं. चहा घ्या. पुढे कोण आहे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "खरंच आठवत नाही, काका."

मी स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला टेकून एकटीच हसत राहिले... डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

*

त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नाही. मला एवढं सुख पुरेसं होतं. पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. एके दिवशी धड्याला आला तो काहीच न बोलता गाडी चालवायला लागला. कॉमेंट्री नाही, काही नाही. मला भीतीच वाटली.

"पैसेवाल्या चॅनेलचा फोन आला होता," शेवटी तो म्हणाला. "ते आपल्या भाषेत समालोचन सुरू करताहेत. स्टुडिओ दुसऱ्या शहरात... लांब. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग?"

"नाही म्हणणार आहे. तुम्ही इथे आहात. काका आहेत. मला तुमचा हॉल पुरे."

मी त्याला पुढचं वळण दाखवलं. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

हे बाबांना सांगितलं तर ते विचारात पडले. मग त्याला विचारलं, "तुम्ही खरी शर्यत कधी पाहिलीत? मैदानावर जाऊन?"

"नाही. आम्हाला बिनखिडकीच्या खोलीत बसवायचे, पडद्यासमोर."

"मीही नाही पाहिली," बाबा म्हणाले. "रविवारी आपल्याकडेच आहे शर्यत. जाऊन येऊ. उत्तर मग द्या."

लायसन्स त्याला नुकतंच मिळालं होतं. गाडी त्यानेच चालवली. बाबा मागे, मी शेजारी. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझे पाय मी आरामात दुमडून घेतलेत. माझ्या बाजूच्या ब्रेकची मला आठवणही नव्हती. एखाद्या माणसावर आपला किती भरवसा बसलाय ते असं पायांकडून कळतं.

आमची जागा स्वस्तातली. एक वळण आणि त्याच्या अलीकडचा रस्त्याचा तुकडा, एवढंच दिसायचं. मोठा पडदा पलीकडच्या लोकांसाठी. आम्ही बसलो, सगळीकडे गप्प झालं... आणि मग लांबून काहीतरी यायला लागलं. आधी तो आवाज नव्हताच. बाकाखालची लाकडं थरथरली. माझ्या बरगड्या थरथरल्या. वळणावरून पहिली गाडी आली ती येताना दिसलीच नाही, गेलेली दिसली. मागोमाग सगळ्या. हवा फाटत होती, वास येत होता तापलेल्या रबराचा, आणि माझ्या तोंडून नुसतं "आई गं" निघालं. प्रत्येक गाडीत एक माणूस होता. हाडामांसाचा, आपल्यासारखा. इतके दिवस मला ते खरं वाटलंच नव्हतं.

बाबांनी दोन्ही हात छातीवर ठेवले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं. "बाळ," ते ओरडले, "हे बघायचं कामच नाही गं! हे इथे होतं, इथे!"

आणि तो? तो उभा होता, तोंड उघडं, आवाज नाही.

"बोला ना," मी म्हटलं.

"काय बोलू? मी लोकांना याच्या पासंगालाही न पुरणारं काहीतरी सांगत होतो इतकी वर्षं..."

पुन्हा गाड्या आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याचे ओठ हलायला लागले. बाबांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखा तो बोलू लागला. कोण कुणाच्या अंगावर आलाय, कुणाचे टायर आता दाद देत नाहीत, पुढल्या फेरीत कोण आत शिरणार. पुढल्या फेरीत तोच शिरला! पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. "अहो, जरा मोठ्याने बोला ना, आम्हालाही काही कळत नाहीये." त्याने आवाज चढवला. वरच्या पायऱ्यांवरची माणसं खाली सरकली. एका आजोबांनी कानामागे हात धरला. बघता बघता आमच्याभोवती ही गर्दी झाली. सगळ्यांचे डोळे वळणावर आणि कान त्याच्याकडे. आवाज असा लागला होता की आमच्या हॉलमध्ये तो कसा मावायचा याचंच मला नवल वाटलं.

तेवढ्यात मला कळलं. याला आपल्या घरात ठेवून घेतलं, तर आपणही हक्कच विकत घेतले म्हणायचे. दार लावून, एकटीने ऐकायला.

गाड्या लांब गेल्या. मी त्याची बाही ओढली.

"नोकरी घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं, पण ते त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"आणि आपण?" त्याने विचारलं.

"आपण काय फुकटचं चॅनेल आहोत का, बंद पडायला?" अशा वेळीही माझी जीभ गप्प बसते थोडीच! "रविवार त्यांना दे. बाकीचे सहा वार माझे. आणि लग्न मी ठरवलंय, तुला नंतर सांगणार होते."

तो बघतच राहिला. मग त्याने माझा हात हातात घेतला, घट्ट, आणि गाड्या परत आल्या, बाक थरथरलं, वारा आमच्या अंगावरून गेला... आम्ही दोघं तसेच उभे.

मागून आरडाओरड सुरू झाली. "अहो, काय झालं? पुढे कोण आहे? सांगा की!"

बाबा मागे वळले आणि हात वर करून म्हणाले, "जरा दम धरा मंडळी. ते आत्ता दुसऱ्या कामात आहेत."