आत्या चौकोन झाली

"अहो, ही जागा माझी आहे."

"नाव लिहिलेलं दिसत नाही कुठे," तो मान वर न करता म्हणाला.

"नाव नाही, पण पिशवी आहे. तिच्यावरच बसलायत तुम्ही."

तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग उठला, आणि तोही इतक्या सावकाश, की तेवढ्यात एखाद्यानं दुसरी जागा शोधून दुकान मांडलं असतं. पिशवी हातात घेऊन त्यानं ती हलकेच दाबून पाहिली.

"फुटण्यासारखं काही नव्हतं ना?"

"स्वेटर आहे. नशीब तुमचं."

"नशीबच," तो म्हणाला आणि हसला. ती हसली नाही. ती घरूनच रागावून आली होती.

घरीदारी तिला ठिणगी म्हणत. लहानपणी पडलेलं नाव, पण मोठेपणी तिनं ते चांगलंच कमावलं होतं. ती खेळांसाठी चित्रं काढायची. म्हणजे मोबाईलवर, कॉम्प्युटरवर आपण जे खेळ खेळतो, त्यातली माणसं, घरं, झाडं. हात असा, की कागदावरचं मांजर आता उठून दुधाकडे जाईल असं वाटावं. पण नोकरी मागायला जावं तिथे एकच उत्तर. चित्रं सुरेख आहेत हो, पण यातलं पूर्ण झालेल्या खेळात चाललंय-फिरलंय असं काय आहे? पूर्ण झालेला खेळ दाखवल्याशिवाय काम नाही, आणि काम मिळाल्याशिवाय खेळ पूर्ण होणार कसा, हे मात्र त्या शहाण्यांपैकी एकानंही कधी सांगितलं नाही.

म्हणून ती गेम जॅमला जाऊ लागली. गेम जॅम म्हणजे अनोळखी माणसांनी एका सभागृहात जमायचं, जोड्या नाहीतर टोळ्या करायच्या आणि शनिवार-रविवारात एक छोटासा खेळ उभा करून सगळ्यांना खेळायला आणि मत द्यायला ठेवायचा. असे चार-दोन खेळ हाताशी असले की पोर्टफोलिओला वजन येतं. पण हिच्या पहिल्या जॅममध्ये कोड लिहिणारा रविवारी जेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. नंतरच्या वेळी खेळ पूर्ण झाला, तर यादीत हिचं नाव घालायचंच राहिलं. विसरलो म्हणे. स्वतःची नावं बरी आठवली.

आणि आता हा, पिशवीवर बसणारा. आयोजक बाईंनी सभागृहावर नजर फिरवली. याच्याकडे चित्रं काढणारं कुणी नाही, हिच्याकडे कोड लिहिणारं कुणी नाही. "तुम्ही दोघं बसा एकत्र," म्हणून त्या पुढे गेल्याही.

"मला सगळे सावकाश म्हणतात," तो म्हणाला.

"का, ते विचारत नाही," ती म्हणाली.

खेळाची कल्पना तिची. एका उंच इमारतीच्या गच्चीवरून वाऱ्यानं सगळ्यांचे वाळत घातलेले कपडे उडतात, आणि एक बाई मजल्यामजल्यावर जाऊन ज्याचे त्याला नेऊन देते. ती बाई म्हणजे ठिणगीची आत्या. आईवडिलांच्या मागे तिनंच हिला वाढवलं होतं. शिवणकाम करायची, गुडघे दुखायचे, तरी चार जिने चढून लोकांचे कपडे पोचवायची.

"कशी चालते तुझी आत्या?" सावकाशनं विचारलं. 'अहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"म्हणजे कशी? चालते तशी."

"चालून दाखव."

"सगळ्यांसमोर?"

"मी एकटाच बघतोय," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन कान लाल होईपर्यंत पडद्याकडे पाहत राहिला.

तिनं चालून दाखवलं. जरा डावीकडे झुकून, एक पाय किंचित ओढत. जिन्याच्या वळणावर कमरेवर हात ठेवून थांबायचं, दम घ्यायचा, आणि कुणी पाहिलंच तर आपण खिडकीबाहेर बघतोय असं दाखवायचं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"किती वेळ थांबते?"

"दम येईपर्यंत."

"असं सांगू नको. तू थांबून दाखव, मी बघतो."

आणि तेवढ्या एका थांबण्यावर त्यानं सबंध दुपार घातली. जरा कमी, जरा जास्त. ती चित्रातला पदर किंचित हलवायची, तो दम किंचित लांबवायचा. एकदा दोघांचे हात एकाच माऊसवर गेले… तिनं हात मागे घेतला, त्यानंही घेतला, आणि माऊस बिचारा मधेच पडून राहिला.

"घे ना तू," तो म्हणाला.

"नको, तू घे."

"इतकं समजूतदार वागलीस तर नाव बदलावं लागेल तुझं."

रविवारी संध्याकाळी खेळ जॅमच्या साइटवर चढवायची वेळ आली तेव्हा सभागृहात एकच गोंधळ उडाला होता. इंटरनेट रखडत होतं, आणि ठिणगी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून "आटप रे, आटप" म्हणत होती. सावकाशनं आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. खेळ चढला. दोघं खाली आले, कॉफी घेतली, आणि वाऱ्यात उडणारे तिचे केस बाजूला करायला त्याचा हात उठला… आणि परत खिशात गेला. ती घरी जाईपर्यंत त्या खिशावर रागावली होती.

सकाळी तिनं आत्याला शिलाई मशीनवरून उठवून खेळासमोर बसवलं.

"कुठेय मी?"

पडद्यावर एक करडा चौकोन जिना चढत होता. हातात दुसरा, छोटा चौकोन. चौकोन वळणावर थांबला, दम घेतला, पुढे गेला.

"ही तू," ठिणगी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"मी? ही वीट?"

झालं होतं असं. चित्रं तयार होईपर्यंत काम अडू नये म्हणून कोड लिहिणारे त्या जागी नुसते चौकोन ठेवतात. सावकाशच्या कॉम्प्युटरवर तीन फोल्डर होते. 'शेवटचा', 'शेवटचा नवा' आणि 'शेवटचा खरा'. या लोकांची ही रीतच असते, शेवटचा म्हणून कधी शेवटचा नसतो. घाईत त्यानं 'शेवटचा' चढवला, म्हणजे शनिवारचा, चौकोनांचा.

तिनं फोन लावला.

"बदल. आत्ता बदल."

"मतदान संपेपर्यंत कशालाही हात लावता येत नाही. नियम आहे. मी सकाळपासून आयोजकांना… ठिणगी, चूक माझी आहे."

"तुझी नाहीतर कुणाची, आत्याची?" आणि तिनं फोन ठेवला. 'आटप' कोण म्हणत होतं हे तिला आठवत होतं, पण रागावलेल्या माणसाला असल्या आठवणी सोयीच्या नसतात.

त्यानंतर त्याचे कितीतरी फोन आले. तिनं एकही घेतला नाही.

पण खरा संताप पुढेच होता. लोकांना ते चौकोन आवडले. खेळाच्या पानावर अभिप्रायांचा पाऊस पडला. काय धाडस आहे. चेहरा काढून घेऊन चित्रकर्तीनं माणसाचा एकटेपणा दाखवलाय. खाली 'चित्रे' म्हणून तिचं नाव, आणि वर एकही चित्र नाही. याआधी चित्रं होती तर नाव नव्हतं. तिनं ते पान बंद केलं ते पुन्हा उघडलंच नाही.

आणि मग एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. तिलाही, त्यालाही.

"गप्प बस," तिची एक मैत्रीण म्हणाली. "चौकोन माझीच कल्पना म्हण आणि नोकरी घे. कोण विचारतंय?"

आत्या दोरा तोडत म्हणाली, "माझे गुडघे दुखतात ते चौकोनाचे नाही दुखत. पण जायचं तुला आहे, ठरव तू."

ठिणगीनं ठरवलं. वाटभर एकच वाक्य घोकत ती गेली आणि चित्रविभागाच्या प्रमुख बाईंसमोर बसता बसता बोलून मोकळी झाली. "मॅडम, ते चौकोन माझे नाहीत. ती चूक आहे."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तुमच्या जोडीदारानं लिहिलंय ना खाली."

"कुठे खाली?"

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. जिथे जिथे कुणी चौकोनांचं कौतुक केलं होतं, त्या प्रत्येकाखाली सावकाशचं उत्तर होतं. हे चौकोन चित्रकर्तीचे नाहीत. मी चुकीचा खेळ चढवला. तिनं काढलेली बाई जिन्यात थांबते तेव्हा पदर हलतो, तो तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. पुढे पुढे त्याचा तोल सुटत गेलेला दिसत होता. एकाला तर त्यानं लिहिलं होतं, 'एकटेपणा नाही हो, माझा मूर्खपणा आहे तो.'

रविवारी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलेला खरा खेळ ठिणगीनं काढून बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो पूर्ण खेळला. जिन्याच्या वळणावर त्या आत्याबरोबर थांबल्या, बराच वेळ.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण खोटं कशाला बोलू, आम्हाला आत्ता चौकोनच हवेत. जमेल तुम्हाला?"

"चूकच आवडली असेल तर जो चुकला त्याला घ्या," ती म्हणाली, आणि नमस्कार करून उठली.

तो खाली दाराशीच उभा होता. बाहेर बारीक पाऊस लागला होता.

"तुझं काय झालं?" तिनं तुटकपणे विचारलं.

"घाईत काम जमतं का, म्हणाले. नाही म्हटलं. एकदा केलं होतं, त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच."

"म्हणजे दोघंही रिकामे."

"दोघंही."

"आणि ते सगळं लिहायला तुला सांगितलं कुणी? मला विचारलंस?"

"तू फोन कुठे घेत होतीस? आणि… लोक त्या चौकोनांना छान म्हणायचे आणि मला रागच आवरायचा नाही."

"राग मला यायचा होता."

"तुझा तुला पुरत होता का? मला वाटलं, थोडा इकडूनही द्यावा."

ती हसू दाबायला पावसाकडे बघायला लागली. तो पायरीवर बसला, मांडीवर लॅपटॉप उघडला. "मतदान संपलंय दुपारी. बस. कुठला फोल्डर ते तूच बघ."

तिनं पाहिलं. त्यानं खेळ सुरू केला, आत्या पहिल्या मजल्यावर गेली, थांबली, पदर हलला. मग तिनं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. खेळ चढला. तिचं नाव, आणि तिचीच चित्रं. नोकरी नव्हती, पण दाखवायला आता खरं काहीतरी होतं.

दोघं खांद्याला खांदा लावून वाट बघत बसले. पहिला अभिप्राय आला. 'आधीचं चौकोनी बरं होतं.'

तिनं श्वास घेतला, भांडायला. पण शेजारी पाहिलं, तर सावकाशचे कान लाल झाले होते आणि बोटं धडाधड चालत होती. सावकाशची बोटं, धडाधड. 'तुम्हाला डोळे आहेत की…' इथपर्यंत तो आला होता.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. या वेळी मागे घेतला नाही.

"राहू दे."

"राहू दे काय? हे लोक…"

"सगळ्या जगाला लिहिलंस. मला एक ओळ लिहिली नाहीस."

पाऊस वळचणीवरून टपटपत होता. "तुला लिहायला… भीती वाटते," तो म्हणाला.

"मग बोल."

"तू आवडतेस मला," तो म्हणाला, एकेक शब्द आपल्या चालीनं. आणि जरा थांबून, "रागावलीस की जास्तच."

"मग काय," ठिणगी म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, "आयुष्यभराची सोय झाली तुझी."