शेणाची साक्ष

डायनोसॉर गवत खायचे का? सन २०५२ च्या दिवाळीच्या सुटीत, चंद्रपूरच्या निसर्ग-संग्रहालयात, या एका प्रश्नापायी दहा वर्षांच्या शलाकाचे डोळे भरून आले होते.

झालं असं, की त्या दिवशी संग्रहालयाच्या भिंतीवर मुलांची चित्रं लागणार होती. शलाकाने आठवडाभर खपून हिरव्यागार कुरणात चरणारा लांब मानेचा डायनोसॉर काढला होता. चित्रं तपासत होता वाटाड्या नावाचा यंत्रमानव. तो म्हणाला, "चूक. तेव्हा गवत नव्हतं. चित्र नामंजूर."

आई-बाबा तिची समजूत घालू लागले. आजोबा मात्र खुशीत दिसले. ते पुराजीवशास्त्रज्ञ (जुन्या जीवांच्या अवशेषांचा अभ्यास करणारे), त्यामुळे असल्या भांडणात त्यांना भारी रस!

"रडतेस काहून? पुरावा शोध," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना एका टेबलाजवळ नेलं. त्यावर 'हात लावून पाहा' अशी पाटी आणि बटाट्याएवढे तपकिरी दगड होते. आईने एक उचलला, कुरवाळला, नाकाजवळही नेला.

"किती गुळगुळीत! काय आहे हो हे?"

"डायनोसॉरचं शेण," आजोबा म्हणाले.

आई हात धुवायला जी पळाली, ती बराच वेळ परत आलीच नाही. "अगं, साडेसहा कोटी वर्षं झालीत त्याला!" बाबा मागून ओरडले.

"हा विष्ठाश्म (दगड झालेली विष्ठा). आपल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावातला," आजोबा म्हणाले. "गाईने काय खाल्लं ते कसं कळतं?"

"शेणात काड्या दिसतात," शलाका म्हणाली.

"इथल्या काड्या तर कधीच कुजल्या. मग काय उरलं असेल?"

शलाका आपल्या बोटावरच्या पट्टीकडे पाहू लागली. कालच शेतात गवत उपटताना पातं लागलं होतं. "आजोबा, एवढं पातळ गवत बोट कसं कापतं?"

"शाब्बास! गवत मुळांवाटे पाण्यातून सिलिका (वाळूत असते ती) शोषतं. पेशींमध्ये तिचे काचेसारखे बारीक कण बनतात. पात्याला धार येते ती त्यांच्यामुळेही. पातं कुजतं, पण कण तसेच राहतात, गवताच्या खास आकारासकट."

शेजारच्या सूक्ष्मदर्शकात विष्ठाश्मातले कण होते. शलाकाने डोळा लावला. काही कण दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक, डंबेलसारखे होते. बाजूच्या काचेवर आजच्या गवताचे कण होते. तेही तसेच!

"गवत होतं!" तिने टुणकन उडीच मारली.

मागे येऊन थांबलेल्या वाटाड्याचे दिवे लुकलुकले. "माझी माहिती जुनी होती. दुरुस्त केली. चित्र मंजूर."

शलाका आनंदाने नाचली आणि मध्येच थांबली. "पण आजोबा, गवत किती होतं?"

"थोडंच. त्या शेणात झाडपाल्याच्या खुणाच जास्त सापडल्या. कुरणं खूप नंतर पसरली."

शलाकाने रंग काढले आणि कुरणावर झाडंझुडपं रंगवायला बसली.

"अगं, मंजूर झालंय ना चित्र?" बाबा म्हणाले.

"पण अर्धं चूक आहे ना!" तिने गवताचे तीनच झुबके ठेवले. मग डायनोसॉरच्या शेपटीमागे भलामोठा तपकिरी ढीग काढला.

एवढ्यात आई हात पुसत आली. "हे काय गं?"

"पुरावा! त्यांनी आणखी काय काय खाल्लं, ते मी मोठेपणी शोधणार आहे."

आईला हसू आवरेना. भिंतीवर लावायला तिने चित्र कौतुकाने उचललं, फक्त त्या ढिगाला बोट लागणार नाही अशा बेताने.