सही घेतली, पाकीट राहिलं

"ते फोन उलटे ठेवा, मगच सांगतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," आजोबा म्हणाले. नातवंडं जवळ सरकली. गोष्ट आजोबांच्या नौदलातल्या सोबत्याची होती.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. रात्री साडेअकराला दिवेसाहेब बहिणीच्या गोळ्या आणायला बंदराच्या रस्त्याने निघाला. बहीण मागून ओरडली, "दादा, चिठ्ठी इथेच राहिली! एक काम धड करशील तर शपथ!"

दिवेसाहेब हे नाव युद्धातलं. नाकेबंदीच्या वेळी शत्रू ऐकेल म्हणून रेडिओ बंद असत. दिव्याची उघडझाप करून बोलायचं, आणि जहाजावर ते काम याचं. अंधारात बोट दिसली की विचारायचं, आजची खूण? ती रोज बाराच्या ठोक्याला बदलायची. नवी खूण सीलबंद पाकिटात, आणि पाकीट द्यायचं ते सही घेऊनच.

युद्धातल्या एका संध्याकाळी बोट घेऊन गस्तीवर निघाला होता बहिणीचा नवरा. घरचाच माणूस! गप्पांच्या नादात दिवेसाहेबाने सही आधी घेतली आणि पाकीट स्वतःच्याच खिशात राहिलं.

बारा वाजून चार मिनिटांनी बोट दिवेसाहेबाच्या जहाजाकडे परतली. तिने कालची खूण दिली. दिवा कोणाचा हात चालवतोय, हे याने ओळखलं. कॅप्टनने विचारलं, "आपलेच आहेत का?"

याचा हात खिशातल्या पाकिटाला लागला. वाचाच बसली.

तोफा सुटल्या. बोट मधोमध फाटली. अकरा माणसं पेटत्या तेलात किंचाळत जळाली. बहिणीचा नवरा पेटलेल्या हातांनी दिव्याची उघडझाप करतच होता... बुडेपर्यंत.

चौकशीत वहीत सही निघाली. दोष मेलेल्याच्या माथी गेला. याने पाकीट जाळलं आणि तोंड शिवलं. बहीण मात्र जन्मभर नवऱ्याला बोल लावत राहिली, अकरा जणांना खाल्लंस म्हणून.

"आणि त्या गुरुवारी?" मोठ्या नातीने विचारलं.

गोळ्या घेऊन तो परत फिरला. धक्क्यापाशी आला. बारा वाजून चार.

पाण्यावर दिवा लुकलुकला.

आजची खूण?

तोच हात.

याने फोनची बॅटरी लावली. पाकिटातली खूण दिली. इतक्या वर्षांनी.

दिवा विझला. शांतता...

मग जळक्या तेलाचा वास. मागून. अगदी जवळून. दोन हात आले. याची मनगटं धरली. चामडी तडतडली. हाड दिसेपर्यंत... सोडलंच नाही.

सकाळी पहारेकऱ्याला तो धक्क्यावर सापडला. श्वास चालू होता. दवाखान्यात बहिणीने त्याची करपलेली मूठ हळूहळू उघडली. आत ओलं पाकीट. वर याचंच अक्षर, नवऱ्याच्या बोटीचा नंबर. सील शाबूत.

"दादा... हे तर त्यांना दिलं होतंस ना?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.



"ते पाकीट त्याने तेव्हाच जाळलं होतं रे," आजोबा म्हणाले. "काडी मीच दिली होती."