पांढऱ्या पडद्यावरचं रडणं

पोस्टर रंगवणारा वनित थिएटरमागच्या शेडमध्ये पालथा पडला होता. त्याच्या पाठीतला सुरा उपसून रम्पाई शेजारीच बसली होती. आत दुपारचा खेळ चालूच होता. फौजदार अनन पोचेपर्यंत थायलंडमधल्या त्या नाखोन सावन गावाचा निम्मा बाजार तिथे लोटला होता.

"सुरा मी काढला. मारलं नाही," एवढंच ती म्हणाली.

कोण विश्वास ठेवणार? लग्नाची बाई, परका पुरुष, हात रक्ताने माखलेले. हिला सरकार गोळी घालणार, हे गावाने ठरवूनच टाकलं होतं. अननला मात्र ते पटेना, आणि सगळ्या गावाच्या विरुद्ध जायची त्याला भीतीच वाटली.

रम्पाईचा नवरा सोम्पोच चित्रपटाला आवाज द्यायचा. चित्रपट मुकाच यायचा. वरच्या खोलीतून पडदा बघत नवराबायको सगळ्यांचे संवाद बोलायचे. आज तिचा घसा बसला होता, म्हणून जमीनदाराची मुलगी, तिचा नावाडी आणि बंदूक घेऊन त्यांच्या मागावर निघालेला बाप, सगळे तो एकटाच बोलला.

खेळ संपताच अननने त्याला खोलीतच गाठलं. दाराशी शिपाई आधीच उभा होता.

"मधे उठला होतात?"

"सातशे माणसांनी माझा आवाज ऐकलाय, साहेब."

"वनितचं ठाऊक होतं?"

"गावाला ठाऊक होतं, मला कसं नसणार?" सोम्पोच शांतपणे म्हणाला. त्याच्यामागे औषधांच्या जाहिराती वाजवायचं टेपयंत्र होतं.

खाली थिएटरच्या दारातच पियनमावशी विकायला सुकी माकुलं भाजत होती.

"खेळ कसा झाला, मावशी?"

"काय सांगू, फौजदार. मधेच फिल्म तुटली. पडदा पांढराफटक, आणि पोरगी आपली रडतेच आहे. चित्र परत आलं तर नावाडी पाणी पितोय आणि बोलतोयसुद्धा. लोक हसून लोळले. बऱ्याच वेळाने सोम्पोच ताळ्यावर आला."

"एरवी फिल्म तुटली की?"

"एरवी माझ्या माकुलांची टिंगल करतो, मेला."

अनन जिना चढून परत वर गेला.

"सोम्पोच, पडदा बघून बोलणारा माणूस पडदा पांढरा झाला की थांबतो. यंत्राला पडदा दिसत नाही. तुम्ही आवाज आधीच भरून ठेवलात, टेप लावलीत आणि मागच्या जिन्याने उतरलात. फिल्म तुटेल हे तुम्हाला कुठून कळणार? परत आलात तोवर आवाज चित्राच्या पुढे पळत होता. टेप बंद करून स्वतः बोलू लागलात. प्रेत सापडलं, दाराशी शिपाई आला, टेप पुसायची राहून गेली."

अननने टेपयंत्राची कळ दाबली. पुरुषाच्या गळ्यातून मुलगी रडू लागली.

"त्या नावाड्याचं प्रेम रोज मीच बोलायचो," सोम्पोच म्हणाला. "ती ऐकायची मला, आणि मनात असायचा तो."

शिपायाने त्याला खाली नेलं. अननने शेडमध्ये येऊन रम्पाईच्या बेड्या काढल्या.

"सुटलात तुम्ही. घरी जा, ताई."

ती उठली नाही.

"कुणाच्या?" तिने विचारलं.